चहा सांडला, चार दिवस चालला, मग मेला: बोर्ड खरंच गेला का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलीच्या लॅपटॉपवर अर्धा कप चहा सांडला. लगेच पुसला, उलटा ठेवला, मग दोन दिवस तांदळाच्या डब्यात. त्यानंतर चार दिवस छान चालला आणि पाचव्या दिवशी सकाळी मेला. चार्जर लावला तरी दिवा लागत नाही. दुकानात पाच मिनिटांत ‘मदरबोर्ड गेला, बदलावा लागेल’ असं सांगितलं. तुम्ही इलेक्ट्रिकलचे, मल्टिमीटर घरात आहे, सोल्डरिंग येतं. बोर्ड खरंच गेलाय का आणि घरी काय करता येईल, एवढं विचारलंय.

पाच मिनिटांत ‘बोर्ड गेला’ हे मला अजून सांगता येत नाही, आणि पुण्याच्या बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराच्या तपकीर गल्लीच्या बाजूला माडीवरच्या खोलीत मी अठरा वर्षं हेच करतोय. दुकानदार फसवतोय असं मात्र लगेच समजू नका. त्याचा धंदा बदलून देण्याचा आहे, दुरुस्तीचा नाही. ओल्या बोर्डाची गॅरंटी देता येत नाही, बदललेल्याची देता येते. पण तुमच्या माहितीतली सगळ्यात मोलाची गोष्ट त्यानं विचारलीच नसणार: चार दिवस चालला. चहा पडला त्या क्षणी प्रोसेसर उडाला असता तर हे चार दिवस मिळालेच नसते. म्हणजे मोठं काही एका झटक्यात गेलेलं दिसत नाही, लहान काहीतरी हळूहळू खाल्लं गेलंय. असे बोर्ड मी आनंदानं घेतो. सांडल्याबरोबर ‘टक्’ आवाज होऊन बंद पडलेले घेताना मात्र जरा विचार करतो.

खाल्लं कुणी? एकट्या पाण्यानं नव्हे. लॅपटॉप बंद केला तरी आत बॅटरी जोडलेली असते आणि बोर्डाचा एक भाग जागाच असतो. पॉवर बटण दाबलं हे कुणाला तरी कळायला हवं ना? त्यासाठी बहुतेक बोर्डांवर ३.३ व्होल्टची एक लाइन कायम उभी असते. बॅटरीकडून येणारी ११ ते १५ व्होल्टची मुख्य लाइनही असतेच. चहातलं पाणी, त्यातले क्षार, साखर, दूध आणि वर हा सप्लाय, म्हणजे शाळेतला इलेक्ट्रोलिसिसचा प्रयोग झाला. जिथे व्होल्टेज जास्त तिथलं तांबं विरघळतं, शेजारच्या कमी व्होल्टेजच्या पिनकडे सरकतं, दोन पिनांमध्ये धातूची बारीक पिसं वाढतात. तुम्ही लॅपटॉप तांदळात ठेवला होता ते दोन दिवस आत हा प्रयोग चालूच होता.

तांदळाचं एकदाच सांगून टाकतो. आंबेमोहोर असो की इंद्रायणी, बंद बॉडीच्या आत, चिपच्या पोटाखाली शिरलेलं पाणी तो ओढत नाही. यूएसबीच्या खाचेत अडकलेले दाणे मात्र मी चिमट्यानं काढलेत. आणि समजा पाणी उडून गेलं, साखर कुठे उडते? ती तिथेच सुकून बसते, आणि डब्यातला गूळ जसा पावसाळ्यात पाझरतो तशी दमट हवेत पुन्हा ओल धरते. म्हणूनच ‘चार दिवस चालला’ ही गोष्ट जून ते सप्टेंबरमध्ये फार ऐकू येते.

केसांच्या ड्रायरनं वाळवलाय का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर उत्तम. गरम हवेच्या झोतानं पाणी आणखी आत सरकतं.

आता हातातलं काम. चार्जर काढा, तळ उघडा आणि पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर सोडवा. बाकी सगळं उद्या केलं तरी चालेल, हे आजच. कनेक्टर वायर धरून ओढू नका, दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकच्या पट्टीनं सारखा उचला. स्क्रू लहानमोठे असतात. कागदावर बोर्डाचं चित्र काढून त्या-त्या जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी पिळून चांगला बोर्ड भोसकलेला मी पाहिलाय. बॅटरी फुगलेली किंवा चहानं भिजलेली असेल तर ती पुन्हा जोडायची नाही.

एसएसडी वेगळी निघत असेल तर काढून घ्या. मुलीचा प्रोजेक्ट तिच्यात असणार. एम-डॉट-टू एसएसडी यूएसबी केसिंगमध्ये घालून दुसऱ्या लॅपटॉपला लावली की बहुतेक वेळा डेटा समोर येतो. विंडोज ११ मध्ये डिस्क एन्क्रिप्ट झालेली असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मागेल, ती बहुधा मुलीच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडेल. की मिळेपर्यंत ‘फॉरमॅट करू का’ या प्रश्नाला काहीही झालं तरी हो म्हणायचं नाही. काही मॉडेल्समध्ये स्टोरेज बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं. तसं असेल तर बोर्ड जिवंत करणं हाच डेटाचा रस्ता, आणि मग घरी प्रयोग करू नका.

रॅम, पंखा, हीटसिंक, वायफाय कार्ड, बायोसचा सेल, सगळं काढून बोर्ड मोकळा करा. मगच सफाई.

सफाईत बहुतेक जण इथे चुकतात: आयपीएची (आयसोप्रोपिल अल्कोहोलची) बाटली आणतात आणि ब्रशनं घासत बसतात. आयपीए पाणी हाकलतं, फ्लक्स आणि तेलकटपणा काढतं. साखर आणि मीठ त्यात जवळपास विरघळत नाहीत. चहाच्या बोर्डाला आधी पाणीच लागतं. ऐकायला विचित्र वाटेल, पण सप्लाय नसलेल्या मोकळ्या बोर्डाचं पाण्यानं काही बिघडत नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कोमट करा. दुधाचा चहा असला तर त्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाका आणि मऊ टूथब्रशनं, दाब न देता, चहा गेलेला भाग धुवा. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं दोनदा. मग ९९ टक्क्यांचं आयपीए भरपूर ओता, म्हणजे चिपखालचं पाणी बाहेर येतं. मेडिकलमधलं ७० टक्क्यांचं चालणार नाही, उरलेलं त्यात पाणीच असतं. हे सगळं खिडकी उघडून करा, जवळपास गॅस-उदबत्ती नको. आयपीए भडकन पेटतं.

माझ्याकडे ४० किलोहर्ट्झचं अल्ट्रासॉनिक मशीन आहे. चिपच्या पोटाखालचं त्यानंच नीट निघतं. तुमच्याकडे नसणार, म्हणून हातसफाईनंतर घाई नको. टेबल फॅनसमोर पूर्ण एक दिवस बोर्ड उभा ठेवा. ओल्या बोर्डाला ‘बघू तरी लागतोय का’ म्हणून बॅटरी जोडणं, यात जेवढे बोर्ड गेलेत तेवढे चहानं गेले नसतील.

वाळल्यावर भिंगानं बघा. दहापट दाखवणारं घड्याळजीचं भिंग पुरतं. हिरवा-निळा थर म्हणजे तांबं खाल्लं गेलंय. सोल्डरवरची पांढरट-करडी बुरशीसारखी पूड म्हणजे सोल्डर. दोन पिनांमध्ये काळा डाग दिसला तर तिथे जळून कोळसा झालाय, आणि कोळसा करंट वाहतो, म्हणून तो खरवडून काढावाच लागतो. ट्रेस, म्हणजे बोर्डावरची तांब्याची रेघ, एका थरातून दुसऱ्या थरात जिथे उतरतो ती बारीक भोकं आधी बघा. निरोगी भोक झाकलेलं किंवा चकचकीत दिसतं, गेलेलं काळ्या ठिपक्यासारखं. शोध कुठून सुरू करायचा? चहा कीबोर्डातून आला, तेव्हा कीबोर्डाचा कनेक्टर बोर्डावर जिथे आहे तिथून, आणि मग लॅपटॉप ज्या बाजूला कलता ठेवला होता त्या बाजूला.

आता मीटर. सप्लाय अजूनही नाही. मीटर ओहमवर, एक प्रोब स्क्रूच्या भोकाच्या कड्यावर म्हणजे ग्राउंडला, दुसरा एकेका कॉइलवर. कॉइल म्हणजे ते करडे-काळे चौकोनी ठोकळे; प्रत्येक कॉइलच्या मागे एकेक सेक्शन असतो. आमच्याकडे याला ‘जीआर बघणं’ म्हणतात. मुख्य लाइनवर (चार्जर लावला की ती १९ व्होल्टची होते) काही किलोओहम ते काहीशे किलोओहम आलं तर ठीक. शून्याजवळ आलं तर शॉर्ट. थ्री-फाइव्ह, म्हणजे ३.३ आणि ५ व्होल्ट तयार करणाऱ्या सेक्शनच्या दोन्ही कॉइलवरही शून्य येता कामा नये. आणि प्रोसेसरशेजारच्या कॉइलवर मीटर कंटिन्युइटीवर ठेवलात तर बीप देईल, तेव्हा घाबरू नका. तिथे दोन-चार ओहम, काही प्रोसेसरांना एकापेक्षाही कमी येणं नॉर्मल आहे. बीप ऐकून ‘सीपीयू शॉर्ट’ म्हणत फेकून दिलेले चांगले बोर्ड मी भंगारवाल्याकडून विकत घेतलेत.

तुमचं लक्षण, म्हणजे चार्जर लावून दिवाही नाही, याच्याशी जुळणारं एक काम सविस्तर सांगतो. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा, बाजूच्या अमृततुल्यमधून आणलेला चहा, लॅपटॉप १९ व्होल्टच्या गोल पिनचा. धुऊन-वाळवून डीसी मशीनवर, म्हणजे हवा तो व्होल्टेज देऊन करंट दाखवणाऱ्या सप्लायवर, १९ व्होल्ट दिले तर करंट ०.००. शॉर्ट असता तर मशीन करंट-लिमिटला जाऊन ओरडलं असतं. इथे दारच उघडत नव्हतं.

दार म्हणजे एंट्री मॉस्फेट, एक इलेक्ट्रॉनिक स्विच. चार्जरचे १९ व्होल्ट डीसी जॅकमधून येतात आणि पहिल्या मॉस्फेटपाशी थांबतात. ते उघडायचं की नाही हे चार्जिंग आयसी ठरवते. आयसीला चार्जर खरा लागलाय हे कळायला १९ व्होल्टचा एक लहान वाटा दोन रेझिस्टरांनी विभागून तिच्या एका पिनवर दिलेला असतो. त्या बोर्डावरच्या आयसीला तिथे २.४ व्होल्टच्या वर लागतात. मग ती मॉस्फेटच्या गेटवर, म्हणजे त्याला उघडणाऱ्या पिनवर, १९ पेक्षा पाच-सहा व्होल्ट जास्त चढवते आणि दार उघडतं. मी मोजलं: जॅकवर १९, मॉस्फेटच्या पलीकडे शून्य, गेटवर काहीच नाही, आणि त्या पिनवर १.२ व्होल्ट.

विभाजनातला वरचा रेझिस्टर ४३० किलोओहमचा, खालचा ६६.५ चा. गणित करा, १९ व्होल्टला पिनवर अडीचच्या आसपास यायला हवेत. खालच्याला समांतर साखरेची गळती असेल म्हणून ती जागा परत धुतली. तरी १.२. मग वरचा रेझिस्टर काढला. बोर्डावर असताना रेझिस्टर मोजून उपयोग नसतो, आजूबाजूच्या वाटांनी आकडा कमी दिसतो. बाहेर काढून मोजला तर एक मेगाओहमच्या वर. मायक्रोस्कोपखाली त्याचं एक टोक करडं, टोकाखालचा पॅड अर्धा खाल्लेला. खसखशीपेक्षा जरा मोठा तुकडा, किंमत रुपयाच्या आत. सुटे भाग काढायला ठेवलेल्या जुन्या डोनर बोर्डावरून तोच काढून लावला. पॅड अर्धाच होता म्हणून ०.१ मिलिमीटरची इनॅमल वायर टोकाला खरवडून पुढच्या ट्रेसवर टाचली आणि वर यूव्ही मास्क (यूव्ही प्रकाशात कडक होणारा लेप) दिला. पिनवर २.५, गेटवर २४ च्या पुढे, करंट ०.०३ आणि दिवा लागला. त्या मुलाला दुसरीकडे बोर्ड बदलायला सांगितलं होतं.

तुमचा फॉल्ट हाच असेल असं नाही. पण चार दिवस चालून मग अलगद बंद पडणं हे अशाच गोष्टीचं लक्षण असतं, कारण रेझिस्टरचं टोक एकदम तुटत नाही, झिजत जातं. तुमचा लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होत असेल तर गोष्ट थोडी वेगळी. तिथे आधी ५ व्होल्ट येतात आणि बोर्डावरची आयसी चार्जरशी बोलून २० मागून घेते. यूएसबी मीटर मधे लावा. ५ वरच अडकून राहिलं तर बोलणं होत नाहीये: पोर्टमध्ये चहा सुकलाय, ती आयसी गेली, किंवा तिचा सप्लाय गेला.

आणि मुख्य लाइनवर शॉर्ट निघाला तर? बहुतेक वेळा एखादा सिरॅमिक कपॅसिटर असतो, लाइन आणि ग्राउंडच्या मधे बसलेला. तो शोधायला त्या लाइनवर बाहेरून थोडा करंट सोडायचा आणि गरम काय होतं ते बघायचं. थर्मल कॅमेरा नसला तरी चालतो: बोर्डावर आयपीए शिंपडा, जिथलं आधी उडेल तो गुन्हेगार. पण १ व्होल्टच्या वर जाऊ नका आणि करंट-लिमिट दोन-तीन अँपिअरवर ठेवा. कारण सांगतो. प्रोसेसरच्या सप्लायमधला वरचा मॉस्फेट शॉर्ट असेल तर मुख्य लाइन कॉइलमधून थेट प्रोसेसरला जोडली गेलेली असते. मीटरवर दोन्ही शॉर्ट सारखेच दिसू शकतात. म्हणून आधी मुख्य लाइन आणि प्रोसेसरची कॉइल यांच्यात थेट मोजा. तिथेही शून्य आलं तर हात मागे घ्या. ‘जळेल ते दिसेल’ म्हणत १९ व्होल्ट सोडणारे लोक आहेत. दिसतं खरं, प्रोसेसर जळालेला दिसतो. शिकत असताना एकदा माझ्या हातूनही हे झालंय.

दिवा लागला पण बटण दाबून काही होत नाही, अशी पुढची पायरी आली तर आधी कीबोर्डाची पट्टी काढूनच चालू करून बघा. अनेक मॉडेल्समध्ये पॉवर बटण कीबोर्डातच असतं. तसं असेल तर बोर्डावर बटणाच्या दोन पॅडना चिमट्यानं क्षणभर जोडा. चहा प्यायलेला कीबोर्ड आतून एखादी की कायम दाबून धरतो आणि बिचारा बोर्ड बदनाम होतो. कीबोर्डाच्या पट्टीतून चहा सरळ सुपर आयओच्या, म्हणजे कीबोर्ड आणि पॉवर बटण सांभाळणाऱ्या चिपच्या, पिनांवरही जातो. मीटरच्या डायोड मोडवर त्या कनेक्टरच्या पिना ओळीनं मोजल्या तर एकाच कामाच्या पिना साधारण सारखा आकडा देतात. एखादी वेगळी आली तर तिचा माग काढा. सुपर आयओ बदलायची वेळ आली तर ते काम घरचं नाही. काही मॉडेल्सच्या आयसीत फर्मवेअर आतच असतं, कोरी लावून बोर्ड उठत नाही. बायोसच्या आठ पायांच्या चिपचंही तसंच, हात लावण्याआधी जुना डेटा वाचून जपायचा. आणि तपकीर गल्लीत मिळणारा तो काळा स्वस्त प्रोग्रामर ३.३ च्या चिपलाही डेटा लाइनवर ५ व्होल्ट देतो, १.८ व्होल्टच्या चिपवर तर लावूच नका.

स्क्रीनच्या कनेक्टरला मी सगळ्यात जास्त भितो. बॅकलाइटसाठी मुख्य लाइनचा सप्लाय तिथे येतो आणि त्याच कनेक्टरमध्ये थोड्या पिना सोडून प्रोसेसरकडून येणाऱ्या डेटा लाइन असतात. त्यांच्यात चहाचा पूल झाला की मोठा व्होल्टेज थेट प्रोसेसरच्या पोटात. म्हणून पहिल्यांदा चालू कराल तेव्हा स्क्रीनची केबल काढून, एचडीएमआयवर टीव्ही लावून करा. केबलचं टोक आणि बोर्डावरचा कनेक्टर भिंगाखाली पूर्ण स्वच्छ दिसल्यावरच ती जोडा. एकही पिन काळी असेल तर केबल नवी घ्या, ती धुऊन वापरू नका.

कुठे थांबायचं हेही सांगायला हवं. २०२४ च्या जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घुसलं, त्यानंतर माझ्याकडे गाळानं भरलेले लॅपटॉप आले. काही जणांनी आधी घर आवरलं, साहजिकच, आणि लॅपटॉप आठ-दहा दिवसांनी आणला. तोवर बॅटरी आत जोडलेलीच. धुतल्यावर वरून बोर्ड बरा दिसायचा, पण आतल्या थरांत ट्रेस तुटलेले. एक जोडला की दुसरा. दोन बोर्डांवर तीन-तीन दिवस घालवल्यावर मी शहाणा झालो आणि बाकीच्यांना एसएसडी काढून दिली, बोर्डाचे पैसे घेतले नाहीत. तुमच्या बोर्डावर खाल्लेल्या जागा पाच-सात दिसल्या तर दुरुस्ती होते. प्रोसेसरच्या कडेनं, चिपखालून हिरवं बाहेर येताना दिसलं तर नुसता डेटा वाचवा.

तुमच्याकडे डीसी मशीन नसेल तर बॅटरी न जोडता मूळ चार्जरच वापरा, पण जीआर नीट आल्यावर. मग पाच आकडे लिहून कळवा: मुख्य लाइनचा ग्राउंडशी ओहम, थ्री-फाइव्हच्या दोन्ही कॉइलचे ओहम, आणि चार्जर लावल्यावर पहिल्या मॉस्फेटच्या अलीकडे-पलीकडे किती व्होल्ट. बोर्डावर छापलेला मॉडेल नंबरही द्या, लॅपटॉपच्या झाकणावरचा नव्हे. त्यावरून स्कीमॅटिक, म्हणजे सर्किटचा नकाशा, शोधता येतं आणि तो वरचा रेझिस्टर तुमच्या बोर्डावर नेमका कुठे बसलाय ते सांगता येईल.